फिलिप ग्लास : सीडी अडकलीये की ऐकणारा?

कोपऱ्यातला_श्रोता :

गेल्या रविवारी सकाळी जरा मोठ्याने ग्लास लावला होता. वडील चहाचा कप घेऊन आले, दोन मिनिटं दारात उभे राहिले आणि म्हणाले, "अरे, ते पुढे सरकत नाहीये. बंद करून परत चालू कर." वीस वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं. तेव्हा खरोखरची सीडी होती, ती काढून बनियनला पुसून परत घातली होती. पुन्हा तेच. म्हणून हा धागा.

फिलिप ग्लास हा अमेरिकन संगीतकार १९३७ साली बाल्टिमोरमध्ये जन्मला. वडील बेन यांचं रेडिओ दुरुस्तीचं आणि रेकॉर्डचं दुकान होतं. जी रेकॉर्ड खपत नसे ती ते घरी आणून रात्री लावत. हिच्यात खोट काय आहे, गिऱ्हाईक का उचलत नाही, हे कळावं म्हणून. ऐकता ऐकता तीच त्यांना आवडायला लागे. बार्टोक, शोस्ताकोविच अशा न खपलेल्या मालावर पोराचा कान तयार झाला. मला हा सगळा किस्साच फार आवडतो. नापसंत गोष्ट पुन्हा पुन्हा लावून बघायची ही सवय घरातलीच म्हणायची.

पंधराव्या वर्षी शिकागो विद्यापीठ, तिथे गणित आणि तत्त्वज्ञान. मग न्यूयॉर्कचं ज्युलियार्ड. तिथलं सगळं शिकून झाल्यावर १९६४ मध्ये हा गेला पॅरिसला, नादिया बूलांजे यांच्याकडे. बाई भयंकर कडक. पंचविशी ओलांडलेल्या, पदवी खिशात असलेल्या माणसाला त्यांनी पुन्हा मुळाक्षरं गिरवायला बसवलं.

आणि पॅरिसमध्येच ती गोष्ट घडली जिच्यासाठी मी हे सगळं लिहितोय. पंडित रविशंकर एका चित्रपटाचं संगीत करायला तिथे आले होते. वादक फ्रेंच, त्यांना नोटेशन लागणार, आणि पंडितजी तर गाऊन सांगणार. ते कागदावर उतरवायचं काम ग्लासला मिळालं. पंडितजी एकेका वाद्याचा तुकडा गाऊन दाखवत, हा भराभर लिहून घेई. वाजवायला सुरुवात झाली की तबल्यावरचे उस्ताद अल्लारखाँ (आपल्या माहीमचे, झाकीरभाईंचे वडील) मान हलवत. चुकतंय. परत वाजवलं, परत चुकतंय. नको तिथे वजन पडत होतं. पाश्चात्त्य लिपीत ठरावीक अंतराने उभी रेघ मारतात आणि रेघेनंतरच्या पहिल्या स्वरावर वादकाचा जोर आपोआप जातो. ग्लास रेघा इकडून तिकडे सरकवत राहिला, अल्लारखाँ म्हणत राहिले की सगळे स्वर सारखे आहेत. शेवटी वैतागून त्याने सगळ्या रेघा खोडून टाकल्या. मग समोर जे उरलं ते त्याला प्रथमच दिसलं. दोन-दोन, तीन-तीन स्वरांचे पुंजके, सलग वाहणारे.

न्यूयॉर्कला परतल्यावर १९६८-६९ पासून त्याने जे लिहिलं ते सगळं या खोडलेल्या रेघांतून आलं. पाच स्वरांचा तुकडा घ्या : मंद्र पंचम, सा, रे, कोमल ग, म. तो खूप वेळा वाजवा. मग त्याला त्यातलेच पहिले चार स्वर जोडा. तेही खूप वेळा. मग पहिले तीन, मग दोन. एवढंच. साथीला काही नाही. 'टू पेजेस' नावाची रचना अशीच सुरू होते. पहिल्या दोन मिनिटांत माणूस चिडतो. पाचव्या मिनिटाला एखादा स्वर कमी झाला की जिन्याची एक पायरी कमी निघावी तसं होतं.

ऐकलंय का कुणी? की मी एकटाच?


उगाच_एक :

मी ऐकलंय. लिफ्टमध्ये.


तिरकिट :

चांगला धागा, पण अल्लारखाँसाहेबांच्या गोष्टीवर माझा आक्षेप आहे. तबला वाजवतो (हौशी, गणपतीत आणि मित्रांच्या बैठकीत), म्हणून बोलतो.

"सगळे स्वर सारखे" हे वाक्य त्या रेकॉर्डिंगच्या वेळी बरोबर असेल, कारण समोरचे लोक नको तिथे ठोकत होते. पण आपल्या तालात सगळ्या मात्रा सारख्या कुठे असतात? सम आहे (तालाच्या चक्राची पहिली, वजनाची मात्रा), खाली आहे (बिनवजनाची). तीनतालात नवव्या मात्रेला डग्गा उचलला जातो म्हणून तर गाणाऱ्याला आपण कुठे आहोत ते कळतं. दुसरं म्हणजे आपलं आवर्तन, म्हणजे ते चक्र, सोळाचं सोळाच राहतं. आत काय वाटेल तो दंगा करा, तिस्र करा, मिश्र करा, शेवटी समेवर या. ग्लास काय करतो? आवर्तनच वाढवतो. सोळाचे सतरा, सतराचे एकोणीस. समच ठेवत नाही. म्हणजे त्याने आपल्याकडून घेतलं ते एका ओळीचं ज्ञान आणि त्यावर स्वतःचा बंगला बांधला. बंगला चांगला असेल, पण त्यावर "भारतीय तालावर आधारित" अशी पाटी नको.


कोपऱ्यातला_श्रोता :

तिरकिट, मान्य. पाटी मी लावली नव्हती, पण लोक लावतात हे खरं. एक मात्र सांगतो, तो एका ओळीवर थांबला नाही. अल्लारखाँकडे त्याने रीतसर धडे घेतले आणि १९६६ च्या अखेरीस भारतात आला. नंतरही बऱ्याचदा आला, दार्जिलिंग-कालिंपाँगकडे विशेष, कारण तिबेटी निर्वासितांमुळे त्याला बौद्ध धर्माची ओढ लागली. तरीही तुमचा मुद्दा राहतोच. माझं म्हणणं उलट आहे. तो नीट समजून घेऊन आपल्यासारखं वाजवायला बसला असता, तर एक बरा नक्कल करणारा झाला असता. अर्धवट ऐकलं म्हणून त्याचं स्वतःचं काही निघालं.


गणित_बिघडलं :

समेबद्दल थोडं. सुरुवातीच्या रचनांत फक्त बेरीज आहे हे बरोबर. पण पुढे तो दोन वेगवेगळ्या लांबीची चक्रं एकावर एक चालवतो. एक हात तीनाचं चक्र, दुसरा हात चाराचं. दोघं एकत्र कधी येणार? बाराव्या मात्रेनंतर. पाचवीतला लसावि हो! ती जागा आली की कानाला सुटल्यासारखं वाटतं. तिला सम म्हणणार नसाल तर म्हणू नका, पण चुलत बहीण तरी म्हणा.


तिरकिट :

चुलत चालेल. सख्खी नाही.


कट्टर_ख्यालिया :

या सगळ्यात बढत (रागाचा हळूहळू होणारा विस्तार) कुठे आहे? ख्यालात मुखडा पन्नास वेळा येतो, पण पन्नास वेळा तो वेगळ्या वाटेने येतो, आणि कुठल्या वाटेने येईल हे गाणाऱ्यालाही दोन मात्रा आधी माहीत नसतं. इथे सगळं छापील. यंत्र. त्यात याच्या सगळ्या चित्रपटांचं संगीत मला एकसारखंच वाटतं, नाव झाकलं तर कुठलं कुठल्या चित्रपटाचं हे सांगता येणार नाही. आणि कृपया कुणी "आपल्याकडे नामजपही असाच असतो" हे सांगायला येऊ नका. नामजप मी स्वतः करतो, तिकीट काढून दुसऱ्याचा ऐकायला जात नाही.


उगाच_एक :

कीर्तनाला जाताच की.


कोपऱ्यातला_श्रोता :

ख्यालियाबुवा, चित्रपटांबद्दल निम्मा सहमत. मागणी वाढली की साचा वापरला जातोच. पण बढतीबद्दल नाही. बढत इथे गाणाऱ्याच्या हातात नाही, ऐकणाऱ्याच्या कानात होते. तोच तुकडा तिसाव्यांदा ऐकताना त्यातला मधला स्वर पुढे आल्यासारखा वाटतो, तानपुऱ्याच्या तारांतून नसलेला गंधार ऐकू यावा तसा. तानपुरा तरी कुठे बढत करतो?

छापील आहे हे खरं. ती पाश्चात्त्यांची रीतच आहे, त्याबद्दल ग्लासला एकट्याला कशाला बोला. आणि यंत्रासारखं वाजवणं किती अवघड आहे हे त्याच्या वादकांना विचारा. पाऊण तास न चुकता तेच वाजवताना मध्येच "आता सतरावी वेळ की अठरावी?" हा प्रश्न पडला की संपलं.

लोकांनीही त्याला काही डोक्यावर घेतलं नव्हतं. अ‍ॅमस्टरडॅमला एका कार्यक्रमात एक श्रोता चिडून थेट मंचावर चढला आणि याच्या कीबोर्डवर थपडा मारायला लागला. ग्लासने डाव्या हाताने त्याला ठोसा लगावला, उजवा हात वाजवतच होता. लयीला धक्का नाही.


तिरकिट :

ही मात्र खरी लयकारी.


सहज_डोकावले :

हा माणूस प्लंबर होता असं कुठेतरी वाचलं होतं. खरं का?


कोपऱ्यातला_श्रोता :

अगदी खरं. न्यूयॉर्कमध्ये पोट भरायला त्याने नळजोडणी केली, सामान हलवण्याची कंपनी काढली (भागीदार कोण, तर स्टीव्ह राईश, दुसरा तेवढाच मोठा संगीतकार, 'टू पेजेस' मुळात त्याच्याच नावाने होतं, पुढे दोघांचं बिनसलं आणि नाव गळलं), आणि बरीच वर्षं टॅक्सी चालवली. एकदा एका घरी भांडी धुण्याचं यंत्र बसवत होता. घरमालक निघाला रॉबर्ट ह्यूज, 'टाइम'चा कलासमीक्षक. तो चाटच पडला, म्हणाला, तुम्ही तर कलाकार! ग्लास म्हणाला, आहे, पण कधी कधी प्लंबरही असतो, आता बाजूला व्हा आणि मला काम संपवू द्या.

त्याहून भारी १९७६ ची गोष्ट. दिग्दर्शक रॉबर्ट विल्सनबरोबर त्याने 'आइन्स्टाइन ऑन द बीच' हा ऑपेरा केला. जुलैत फ्रान्समधल्या आव्हिन्योंच्या महोत्सवात पहिला प्रयोग, नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउस भाड्याने घेऊन दोन प्रयोग. लांबी पाच तासांच्या आसपास, मध्यंतर नाही, प्रेक्षकांनी वाटेल तेव्हा उठून जावं आणि परत यावं. कथा नाही. गायक शब्दांऐवजी आकडे आणि सरगम गातात. तालमीत मात्रा लक्षात राहाव्यात म्हणून आकडे म्हणत होते, तेच पुढे संहिता झाली. दोन्ही प्रयोग हाउसफुल्ल, आणि खर्च एवढा की डोक्यावर लाखभर डॉलरच्या आसपास कर्ज. हा परत टॅक्सीवर. एक बाई गाडीत बसल्या, परवान्यावरचं नाव वाचून म्हणाल्या, अहो, तुमचं नाव एका प्रसिद्ध संगीतकाराचं आहे, ठाऊक आहे का?


सहज_डोकावले :

हाउसफुल्ल आणि कर्ज! गंधर्व नाटक मंडळी आठवली. आणि रात्रभर चालणारी नाटकं, मध्ये उठून चहा पिऊन यायचं, आवडतं पद आलं की पळत परत. माझे आजोबा असे किस्से सांगायचे. पाच तासांचं आपल्याला काय कौतुक?


तिरकिट :

आकडे गायचं मला आवडलं. आपल्याकडे मंचावर पढंत करतात तसंच. बोल तोंडाने म्हणून दाखवण्यात वाजवण्याइतकीच मजा असते. ऐकतो आज.


एडिसनकर :

उशिरा आलो धाग्यावर. इथे 'सत्याग्रह' कुणीच कसा काढला नाही? आपल्या लोकांनी ग्लास ऐकायचा तर तिथूनच सुरू करावा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : गांधीजींच्या दक्षिण आफ्रिकेतल्या वर्षांवरचा हा ऑपेरा. पहिला प्रयोग सप्टेंबर १९८० मध्ये हॉलंडच्या रॉटरडॅमला. दांडी वगैरे काही नाही, सगळं त्याआधीचं. दरबानमध्ये गोऱ्यांचा जमाव गांधींवर चालून येतो आणि पोलीस अधीक्षकाची बायको छत्री उघडून त्यांना वाचवते, 'इंडियन ओपिनियन' हे वर्तमानपत्र, टॉलस्टॉय फार्म, नोंदणीचे परवाने जाळणं, १९१३ चा न्यूकॅसलचा मोर्चा. तीन अंक, आणि प्रत्येक अंकावर वरून एक जण नुसता बघत असतो : पहिल्यावर टॉलस्टॉय, दुसऱ्यावर टागोर, तिसऱ्यावर मार्टिन ल्यूथर किंग. आणि गाण्याचे शब्द? सगळे भगवद्गीतेतले. संस्कृतमध्ये. मंचावर परवाने जळतायत आणि गळ्यात गीतेचा श्लोक. कॉन्स्टन्स डीयाँग यांनी श्लोक निवडले. वाद्यमेळात पितळी वाद्यं नाहीत, तालवाद्यं नाहीत. फक्त तंतुवाद्यं, बासऱ्या वगैरे आणि ऑर्गन.

१९ नोव्हेंबर २०११ ला मेट्रोपॉलिटनच्या प्रयोगाचं थेट प्रक्षेपण थिएटरांत होतं. आई तेव्हा भारतातून आली होती. म्हटलं, चल, गांधींचं काहीतरी आहे. तिला ऑपेरा म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. पडद्यावर भाषांतराच्या ओळी नव्हत्या, मुद्दामच. अधूनमधून मोजकी वाक्यं मागच्या भिंतीवर उमटायची, तेवढंच. सगळं थिएटर एकतर सुरांत हरवलेलं नाहीतर झोपलेलं. आणि माझी आई पहिल्याच मिनिटाला ताठ बसली. गांधी एकटेच गातात, "योत्स्यमानानवेक्षेऽहम्". ती मला कोपराने ढोसून म्हणाली, पहिला अध्याय! अर्जुन!

आईचे सगळे अध्याय पाठ आहेत. शेजारच्या अमेरिकन बाईंनी मध्यंतरात तिला विचारलं, तुम्हाला हे कळतंय? पुढचा अर्धा तास आई तिच्या मोडक्या इंग्रजीत गीता सांगत होती आणि मी समोसा नसलेल्या त्या थिएटरात पॉपकॉर्न धरून उभा. उच्चारांबद्दल तिची तक्रार होती. शब्द इतके ताणतात की कुठे तुटला कळत नाही, म्हणाली. पण मग स्वतःच म्हणाली, पाठ म्हणताना आपण तरी कुठे अर्थाकडे बघतो.


मिरजेची_पोर :

वा! हे वाचून मजा आली. टेरी रायलीबद्दलही कुणी लिहा. ग्लासच्या आधीचा, १९६४ चं 'इन सी' त्याचं. तो तर पंडित प्राणनाथांचा गंडाबंद शागीर्दच म्हणायचा, १९७० पासून गुरू जाईपर्यंत त्यांच्याजवळ शिकला. म्हणजे किराणा घराणं! आमच्या मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या घराण्याची एक पारंबी थेट कॅलिफोर्नियात रुजली. ख्यालियाबुवांना तो पचेल कदाचित.


कट्टर_ख्यालिया :

प्राणनाथ ऐकलेत. त्यांचा षड्ज लागला की घड्याळ बघायचं सुचत नाही. त्या शिष्याला ऐकेन. ग्लासबद्दल अजून मत बदललेलं नाही, पण एडिसनकरांच्या आईंना नमस्कार सांगा.


कोपऱ्यातला_श्रोता :

एडिसनकर, तुम्ही माझ्या तोंडचा घास पळवलात. 'सत्याग्रह' मी दुसऱ्या धाग्यासाठी राखून ठेवला होता. आता इथेच लिहितो.

ख्यालियाबुवा, फक्त शेवटची दहा मिनिटं ऐका. मोर्चातली माणसं एकेक करून गेलेली, गांधी एकटे. शब्द चौथ्या अध्यायातले, "बहूनि मे व्यतीतानि"पासून "यदा यदा हि धर्मस्य"पर्यंत. चाल म्हणाल तर चाल नाहीच, नुसता आरोह. खालच्या सा पासून वरच्या सा पर्यंत एकेक पायरी, आणि पुन्हा तोच, आणि पुन्हा तोच. खाली वाद्यमेळातले सुरांचे रंग तेवढे बदलतात. आता पेटी घ्या, पांढरी तीनला सा धरा आणि काळ्या पट्ट्यांना हात न लावता वर चढत जा. काय झालं? रे, ग, ध, नी चारही कोमल. भैरवी!

साडेतीन तासांची बैठक आणि शेवटी भैरवी. ग्लासच्या डोक्यात आपला रिवाज असेल असा माझा दावा नाही. त्यांच्याकडेही तो स्वरसमूह जुनाच आहे, नाव वेगळं. आणि भैरवीची चलनं, तिचं वळण यात काही नाही, हेही आधीच कबूल करतो, नाहीतर धागा पुन्हा पाटीवर जायचा. पण मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हात आपोआप बैठकीतल्यासारखे मांडीवर आले. बैठक संपली, उठायचं आहे, आणि कुणी उठत नाहीये.


एडिसनकर :

भैरवी! हे डोक्यातच आलं नव्हतं. आई त्याच जागी माझ्या शेजारी पुटपुटत गायला लागली होती. मला वाटलं, श्लोक ओळखीचा म्हणून. तिने लहानपणी गाणं शिकलंय थोडं. आज रात्री फोन करून विचारतो.

एक राहिलंच. त्याच हंगामात, १ डिसेंबरला, वॉल स्ट्रीटविरोधी आंदोलनवाले लिंकन सेंटरबाहेर (मेट्रोपॉलिटन तिथेच आहे) जमले. आत गांधींचा सत्याग्रह आणि बाहेर पोलिसांचे अडथळे, आंदोलकांना चौकात यायला बंदी. प्रयोग सुटला तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा ग्लास बाहेर आंदोलकांत आला आणि त्याच शेवटच्या ओळी इंग्रजीत म्हणाला, धर्माला ग्लानी येते तेव्हा वगैरे. ध्वनिक्षेपक नव्हता, म्हणून तो एक तुकडा म्हणे आणि गर्दी तो मोठ्याने परत म्हणे. परत म्हणणं तिथेही. मी तासाभराच्या अंतरावर घरी टीव्ही बघत बसलो होतो, याची अजून चुटपुट आहे.


नवा_भिडू :

सगळं वाचलं. मी शून्य आहे यात. पाच तासांचं नको, कुठून सुरू करू?


कोपऱ्यातला_श्रोता :

'ग्लासवर्क्स' मधला पहिला पियानोचा तुकडा, सहा-सात मिनिटांचा. डाव्या हातात दोन, उजव्यात तीन, बाकी काही नाही. आवडला तर १९८७ चा व्हायोलिन कन्चेर्टो. हा त्याने गेलेल्या वडिलांना आठवून लिहिलाय, त्या रेकॉर्डवाल्या वडिलांना आवडला असता असा. मग 'कोयानिस्कात्सी' चित्रपट बघा, त्यात एकही संवाद नाही. रविशंकरांबरोबरची १९९० ची 'पॅसेजेस' मात्र सुरुवातीला नको. दोघांनी एकमेकांच्या चालींवर रचना केल्यात, गोड आहे, पण दोघंही जरा पाहुण्यांसारखे वागतात.


एडिसनकर :

आईला विचारलं. म्हणाली, "भैरवीच ती, तेव्हाच कळलं होतं. तू विचारलं नाहीस."


तिरकिट :

कबुलीजबाब देतो. कोपऱ्यातल्याने व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) एक रचना सुचवली, नाव नुसतं 'वन प्लस वन', १९६८ ची. वाद्य काय, तर टेबल. खरंच टेबल, त्याला ध्वनिवर्धक जोडायचा आणि बोटांनी वाजवायचं. ग्लासने फक्त दोन तुकडे दिलेत, त्यांची जुळणी वादकाने बेरजेच्या हिशोबाने करायची. माझ्या भाषेत एक तुकडा "तिट धा", दुसरा नुसता "धा". एक "तिट धा"ला एक "धा", मग एकाला दोन, मग एकाला तीन, मग उलट.

जेवणाच्या टेबलावर बसलो. म्हटलं, हे काय, पाच मिनिटांत होईल. आधी मी नकळत समेवर येत होतो. हात ऐकत नाही, सोळा झाले की वजन पडतंच. बायको आतून म्हणाली, "तू परत परत एकाच जागी दणका देतोयस." अल्लारखाँसाहेबांनी नेमकं हेच त्या फ्रेंचांना सांगितलं असणार! अर्ध्या तासाने दणका गेला. मग तर मोजायचं कुठून हेच कळेना. मुलगी समोर येऊन बसली, तिने पेन्सिलीने वहीवर खुणा करायला घेतल्या. एकाला अकरापर्यंत पोचलो. बारावर चुकलो.

पाटीबद्दलचं मत कायम आहे. उद्या परत बसतो.